उघडं लोखंड

झटका तर्जनीच्या पेरातून शिरला, कोपरापर्यंत गेला आणि तिथून उडी मारून थेट मागच्या दाढेत जाऊन बसला. गौरवीच्या हातातला स्पार्क प्लग सुटला, मोटरसायकलच्या सिलिंडरवर टणकन आपटला आणि जाड काळ्या वायरीला लोंबकळत राहिला. क्षणभर तिला वाटलं, आपण ओरडणार. पण तोंडातून निघालं ते हसू. मांगराच्या, म्हणजे घरामागच्या लाकडं ठेवायच्या खोपटाच्या, दारात बसून डब्यांची झाकणं लावणारी चार वर्षांची सेजल दचकून वर बघायला लागली आणि आई हसते आहे म्हटल्यावर तीही हसली, कशाला ते न कळता. ज्या बाईने घरातल्या सगळ्या सॉकेटांच्या भोकांवर दुहेरी चिकटपट्टी लावली होती, जी इस्त्रीचा प्लग काढल्यावर भिंतीला हात लावून ती गरम तर नाही ना असं बघायची, त्याच बाईला रविवारी सकाळी दहा वाजता करंट लागला होता आणि ती उजवा हात छातीशी धरून हसत होती. करंट होता. तिने स्वतः कापलेल्या, सोललेल्या, आवळलेल्या वायरींतून, सहा व्होल्टच्या त्या ठेंगण्या बॅटरीतून निघून कॉइलमध्ये हजारपटीने चढून तो आला होता आणि पहिल्यांदा तिलाच भेटला होता.

"कितें जालें गो?" घराच्या मागच्या दारातून सासूबाईंचा आवाज.

"काही नाही, आई. करंट आला."

"आयलो म्हणजे? लागलो?"

"लागला. पण आला ना."

आत भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज झाला. मांगराच्या भिंतीला खुर्ची टेकवून बसलेले जयराम, तिचे सासरे, लोंबकळत्या प्लगकडे बघत होते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि नेहमीसारखे आपापले थरथरत होते, जणू ते हात अजूनही चालत्या गाडीच्या हँडलवर आहेत. "परतून मार," एवढंच ते म्हणाले.

तिने प्लग पुन्हा सिलिंडरच्या पात्यांना टेकवला, या वेळी फडक्यात धरून, आणि किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. हेडलाइटच्या टोपीवरचा तांबडा दिवा, जो चावी दाबल्याबरोबर लागला होता, तो किकच्या धक्क्याने मिटला, मिचमिचला, मग पार विझला. दहा किक, वीस किक. प्लगच्या टोकाशी निळं काही दिसलं नाही. हातातली ती मुंग्यांची रांग मात्र अजून चालत होती, म्हणजे झालं ते खरं होतं. एकदा झालं म्हणजे पुन्हा होऊ शकतं, हे भौतिकशास्त्र. पुन्हा होत नसेल तर मधे कुठेतरी काहीतरी सुटलं आहे, हेही भौतिकशास्त्रच, आणि तिला एवढ्या निराशेतही गंमत वाटली, की अकरावीच्या मुलांना फळ्यावर चौकोन काढून जे ती शिकवायची, बॅटरीची एक आडवी लांब रेघ, एक आखूड, तो चौकोन आता तिच्यासमोर दोन चाकांवर उभा होता आणि म्हणत होता, शोध.

ही येझदी जयरामांची. सत्तावीस वर्षं त्यांनी ती म्हापशाच्या बसस्टँडबाहेर पायलट म्हणून चालवली, म्हणजे मागे गिऱ्हाईक बसवून, पुढचं मडगार्ड पिवळं रंगवून. शुक्रवारच्या बाजाराला आलेल्या बायका टोपल्यांसकट मागे बसायच्या. एकदा एक माणूस जिवंत डुक्कर घेऊन आला होता आणि त्याला नाही म्हटल्याचं जयरामांना अजून वाईट वाटतं. मग हात थरथरायला लागले, मांगरात गाडी उभी राहिली आणि तिच्यावर लाकडं रचली गेली. गौरवीने गेल्या वर्षी लाकडं काढताना ती बघितली. का हवीशी वाटली ते तिला नीट सांगता आलं नाही. तेव्हा ती घरी होती, म्हापशातल्या हायर सेकंडरीतली तासिका तत्त्वावरची नोकरी सोडून, आणि का सोडली ते कोणी विचारलं की म्हणायची, सेजल लहान आहे. खरं कारण सेजलच्या डाव्या भुवईत होतं, अर्ध्या नखाएवढा पांढरा व्रण. एका दुपारी उत्तरपत्रिका तपासता तपासता गौरवीला डुलकी लागली, फक्त डुलकी, सतरा प्रश्नांपैकी नवव्यावर, आणि दहा महिन्यांची सेजल रांगत सोप्याच्या पायरीपर्यंत गेली. तिला कोणीही एक शब्द बोललं नाही. नवरा सुदेश म्हणाला, होतं असं. सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून मुलीची आंघोळ आपल्याकडे घेतली, काही न बोलता, आणि ते न बोलणं गौरवीच्या हातांना जाऊन लागलं. तेव्हापासून तिचे हात तिला जयरामांच्या हातांसारखे वाटत. वरून स्थिर, पण भरवसा नसलेले.

त्या हातांनी तिने ही गाडी उघडली, एकेक नट डब्यात टाकून डब्यावर कागद चिकटवला. टाकी, चाकं, इंजिन यांना कोणाकोणाची मदत झाली, पण वायरिंग माझं, असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सेजलच्या खडूंनी नकाशा काढला: बॅटरीपासून चावीपर्यंत तांबडा, चावीपासून कॉइलपर्यंत तपकिरी, कॉइलपासून पॉइंटपर्यंत हिरवा. तांबडा खडू मधेच मोडला, त्यावरून सेजल रडली, म्हणून पुढचा तांबडा भाग गुलाबी आहे. प्लायवूडच्या तुकड्यावर खिळे ठोकून त्यांच्याभोवती वायरी फिरवल्या, सुताने बांधल्या. महिनाभर तिचं डोकं रिकामं नव्हतं आणि त्यात भीतीही नव्हती. दोघांना एकत्र जागा नाही असं तिला कळलं. भाजी चिरतानाही तिला ती हिरवी वायर कुठून वळवायची ते दिसायचं.

आणि गुरुवारी म्हापशाहून फोन आला. जागा झाली आहे, या वेळी तासांवर नाही, पूर्ण. सोमवारी अकरापर्यंत येऊन सांग, हो असेल तर त्याच दिवसापासून रुजू. सुदेश म्हणाला, "तुझं तू ठरव, मी हो म्हटलं तर म्हणशील ढकललं, नको म्हटलं तर म्हणशील अडवलं." हे खरं होतं, म्हणून जास्त राग आला. देवळात जाऊन कौल घ्यावा असं सासूबाईंनी सुचवलं. देवीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावतात, उजवी पडली तर होय. गौरवीला भौतिकशास्त्रासमोर लाज वाटली. पण त्याच संध्याकाळी मांगरात कॉइलचा स्क्रू आवळताना तिने कोणाला न सांगता मनात ठरवून टाकलं: रविवार मावळायच्या आत ही माझ्या हाताने चालू झाली, तर होय. नाही झाली, तर ज्या हातांना सहा व्होल्ट सांभाळता येत नाहीत त्यांनी घर सोडून जाऊ नये. म्हणजे तिने कौल लावलाच, फक्त पाकळ्यांऐवजी पॉइंट होते.

अकरा वाजता कुंपणावरून परेश डोकावला. बोर्ड्याला त्याचं गॅरेज, मूळचा दोडामार्गचा. इंजिन चौकटीत बसवायला तोच आला होता. "काय वयनी, म्हातारी उठली काय?"

"खोकली एकदा."

"माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक किट आसा. ह्या पॉइंट-बिंट काढून फेकून द्या. पंदरा मिंटात चालू करून देतंय, आयतवार फुकट घालवू नका."

त्या पंधरा मिनिटांचा मोह तिच्या अंगावरून गेला. जयराम छपराकडे बघत म्हणाले, "परेश, तुज्या बापायच्यो मिशयो सुद्दां इलेक्ट्रॉनिक आसल्यो रे?" परेश हसत हसत कुंपणाआड गेला. गौरवीने ओठ दाबले. सासऱ्यांनी महिनाभरात तिची बाजू घेतली ती ही पहिली वेळ, तीही मिशांवरून.

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कव्हर काढलं, आत तांब्याच्या तारांची ती चकती आणि तिच्या कडेला पॉइंट, दोन छोटे धातूचे ओठ. ते मिटलेले असताना करंट वाहतो, उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते. ठिणगी उघडण्यातून येते, मिटण्यातून नाही, हे मुलांना कधी पटायचं नाही. पिस्टन टोकाला पोचायच्या तीनेक मिलिमीटर आधी ते उघडले पाहिजेत. ते बघायची स्टँडवरची रीत जयरामांनी सांगितली होती, तोंडानेच, कारण ते हात त्या कामाचे राहिले नव्हते: सिगरेटच्या पाकिटातल्या चांदीमागचा पातळ कागद सोलायचा, पॉइंटमध्ये धरायचा, हलका ओढत राहायचं आणि दुसऱ्या हाताने पान्याने क्रँक फिरवायचा. कागद घट्ट, घट्ट, घट्ट, आणि मग अचानक सुटतो. तिने डोळे मिटून ओढ धरली. हे तिला महिनाभरातलं सगळ्यात आवडतं काम होतं. त्या सुटण्यात कसलाही आवाज नव्हता, तरी मानेवर काटा यायचा.

"सुटलो?" जयरामांनी विचारलं.

"सुटला. बरोबर जागेवर."

"मागीर थंय कांय ना."

म्हणजे दोष तिथे नाही. कंडेन्सर नवा. कॉइल नवी. तिने टेस्ट लॅम्प काढला, दोन वायरी जोडलेला साधा बल्ब, आणि करंटच्या वाटेवरून एकेक सांध्याला टेकवत निघाली. एक वायर वाटेवरच्या जोडाला, दुसरी इंजिनच्या अंगाला. बल्ब सगळीकडे लागत होता, पण पिवळट, आजारी, श्वास कोंडल्यासारखा. चावीशी पिवळट. कॉइलशी पिवळट. फ्यूजपाशीसुद्धा, जो बॅटरीपासून वीतभर अंतरावर. मग तिने काही न ठरवता दुसरी वायर इंजिनवरून उचलली आणि थेट बॅटरीच्या उणे टोकाला लावली. बल्ब पांढरा झाला.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. जायची वाट चोख होती. परतीची नव्हती. बॅटरीच्या उणे टोकापासून निघालेली काळी वायर गाडीच्या चौकटीला जिथे बोल्टने आवळली होती, सीटखाली, डाव्या अंगाला, तिथे. आणि हे कळताना तिला शोध लागल्यासारखं वाटलंच नाही. वाटलं ते हे, की आपल्याला हे माहीत होतं. ती महिनाभर त्या बोल्टकडे न बघता शेजारच्या वायरी बांधत होती. नजर तिथे आली की ती नजर उचलून दुसरीकडे ठेवत होती, झोपलेल्या पोराला उचलून ठेवतात तशी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिने ती जागा घासली होती. सगळी चौकट काळी चकचकीत रंगवलेली, रंगातून करंट जात नाही, म्हणून अर्थिंगच्या बोल्टभोवती रुपयाएवढं गोल सँडपेपरने घासून लोखंड उघडं केलं, आरशासारखं. दसऱ्याला इंजिन चौकटीत बसवायचं, मग पूजा. घरातल्या सगळ्या हत्यारांची, वाहनांची पूजा व्हायची, चालत्याची आणि न चालत्याचीही. सकाळी सासूबाई तबक घेऊन मांगरात आल्या. हळद-कुंकू कुठे लावावं म्हणून त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. सगळीकडे नवा रंग, हात लावायला भीती वाटावी असा. आणि त्यात एकच जागा, गोल, घासून-पुसून मोकळी ठेवलेली. त्यांना वाटलं सुनेने पूजेसाठीच ठेवली. केवढ्या कौतुकाने त्यांनी तिथे बोट भरून कुंकू लावलं होतं, खोबरेल तेलात कालवून, टिकावं म्हणून. "बरी जागा दवरली गो तुवें," म्हणाल्या. आंघोळ आपल्याकडे घेतल्यापासूनच्या तीन वर्षांत त्यांनी तिच्या कामाला बरं म्हटल्याचं गौरवीला आठवत नव्हतं.

दोन दिवसांनी ती वायर जोडायला बसली तेव्हा कुंकू सुकून घट्ट बसलं होतं. फडकं पेट्रोलमध्ये बुडवून हातात घेतलं होतं तिने. दोनदा पुसलं असतं की झालं. पण त्या वेळी सुदेश पेडण्याच्या वाटेवर होता, तिकडच्या औषधाच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला, स्कूटरवर, अस्नोड्यापुढच्या त्या वळणांवर जिथे ट्रक मागेपुढे बघत नाहीत. कुंकू पुसायचं. आणि बरोबर त्या वेळी. तिने घड्याळात बघितलं होतं, अडीच. एम. एस्सी. झालेली बाई घड्याळात बघते, फडकं खाली ठेवते आणि वायरीची गोल कडी कुंकवावरच ठेवून बोल्ट आवळते. जरा जास्त जोर लावून, म्हणजे धातू धातूला भिडेल कसाबसा. आणि भिडला होता, एकदा, सकाळी दहाला, तिच्या बोटातून.

आता पावणेचार झाले होते. सुदेश आजही पाळीवर होता, आज सुटणार होता चारला, म्हणजे आत्ता तो हेल्मेटचा पट्टा लावत असेल. तिच्या हातात फडकं होतं. उन्हाची पट्टी मांगराच्या दारातून सरकत सेजलच्या पायांपर्यंत आली होती, आणि सेजलने कुठलंतरी झाकण चुकीच्या डब्याला लावून ते बसतंच आहे असं सगळ्यांना सांगायला सुरुवात केली होती. नवल म्हणजे गौरवीच्या मनात भीतीपेक्षा दुसरंच काही जास्त होतं. उत्तर बोटाएवढ्या अंतरावर होतं. ती उठली, आणि फडकं हातात घेऊन स्वैपाकघराच्या दारात गेली.

"आई, एक विचारायचं होतं."

सासूबाई नारळ किसत होत्या. "विचार मगे."

"दसऱ्याला तुम्ही कुंकू लावलंत ना गाडीला. ती जागा मी वायरीसाठी घासली होती. कुंकू मधे आलं की करंट परत येत नाही."

किसणीचा आवाज थांबला. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग फडक्याकडे. "तर मगो पुसपाचें."

"पुसवत नाही मला."

"कित्याक?"

"सुदेश वाटेवर असतात." हे बोलून झाल्यावर ते किती हास्यास्पद आहे ते तिला ऐकू आलं. पण सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पदराला पुसले, किसणी भिंतीला उभी केली आणि तिच्यापुढून मांगरात आल्या, सीटखाली वाकून बघितलं, मग तिच्या हातातून फडकं घेतलं.

"महिनोभर तशेंच दवरलें तुवें? माका सांगूंक जालें ना?"

"तुम्ही बरं म्हणालात ना तेव्हा. म्हणून."

सासूबाई वाकलेल्याच थांबल्या. मग म्हणाल्या, "हो बोल्ट सोडय. हांव पुसतां. बायलेचें कुंकूं कपाळार आसता. हें गाडयेचें. ताका बसपाक दुसरी जागा जाय, इतलेंच." गौरवीने पान्याने बोल्ट सैल केला, काळी वायर बाजूला धरली. सासूबाईंच्या अंगठ्याखाली लाल चिखल झाला, फडक्यावर उतरला, आणि खाली लोखंड दिसायला लागलं, आधी गुलाबी, मग करडं, मग पांढरं. गौरवीने सँडपेपरचा तुकडा पुढे केला. तो घेता घेता सासूबाई म्हणाल्या, "ना, तूं घास. तुजो हात बरो बसता." आणि लाल झालेलं बोट त्यांनी पुढच्या मडगार्डच्या टोकाला टेकवलं. कुंकवाचा नुसता ठसा. ते मडगार्ड गौरवीने पुन्हा पिवळंच रंगवलं होतं.

कडी उघड्या लोखंडावर बसली. बोल्ट आवळताना तिने जोर लावला नाही, गरजच नव्हती. शेवटचा पाव फेरा स्वतःहून गेला. प्लग जागेवर, टोपी घट्ट. हेडलाइटच्या डोक्यावर खिळ्यासारखी ती चावी दाबली, आणि तांबडा दिवा लागला. सकाळचा दिवा आणि हा दिवा यांत एवढा फरक होता की जयराम खुर्चीत पुढे सरकले. तिने पेट्रोल सोडलं, एक पाय जमिनीवर घट्ट रोवला.

पहिली किक हवेत गेली. दुसरीला सायलेन्सरमधून एक ठसका, निळसर. तिसरीला आख्ख्या मांगराने आवाज घेतला.

छपरावरून धूळ पडली. दोन्ही सायलेन्सरमधून धूर, तेलाचा गोड जळका वास, आणि तो आवाज, एकेक ठोका सुटा ऐकू यावा असा, पायांतून पोटात चढणारा. तांबडा दिवा विझला, या वेळी बरोबर कारणाने, कारण आता डायनॅमो स्वतः वीज करत होता. गौरवी रेस द्यायची, सोडायची, पुन्हा द्यायची. तिचे हात थरथरत होते, पण ते गाडीचं थरथरणं होतं. किती वेळ गेला कोण जाणे, मग एकदम तिच्या लक्षात आलं की तिने बराच वेळ सेजल कुठे आहे ते बघितलेलं नाही. तिने झटकन वळून बघितलं. सेजल आजीच्या कडेवर होती, दोन्ही कान दाबून, तोंड उघडं टाकून, आणि भुवईतला व्रण हसण्याने वर चढला होता. गौरवीने पुन्हा रेस दिली.

जयराम उठले. भिंतीला, मग गाडीच्या टाकीला हात टेकत आले, आणि त्या धडधडत्या टाकीवर त्यांचा हात पहिल्यांदाच स्थिर दिसला, कारण दोन्हींची थरथर जुळली होती. त्यांनी गाडीभोवती वळसा घातला, मागच्या सीटवर टांग टाकली, जी त्यांनी सत्तावीस वर्षांत या गाडीवर कधी टाकली नव्हती, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग स्टँडवरचं कोणीही गिऱ्हाईक विचारतं तसं, मोठ्याने, आवाजावर आवाज चढवून, त्यांनी विचारलं:

"पायलट, म्हापशें येतलो?"

"येते," गौरवी म्हणाली. "उद्यापासून रोज."